पेशीची पेशी

मराठीत ‘पेशी’ म्हणजे शरीराचा सगळ्यात लहान जिवंत घटक. उर्दूत ‘पेशी’ म्हणजे हजर होणं, त्यातही कोर्टात. तारीख लागली की माणूस म्हणतो, ‘कल मेरी पेशी है.’ या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. मराठीतला संस्कृतातून आला आणि उर्दूतला फारसीतल्या ‘पेश’वरून, म्हणजे ‘समोर’. पेशव्यांच्या नावातही हाच ‘पेश’ बसलाय. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे सारख्या तोंडवळ्याचे पण वेगळ्या घरचे असे शब्द मला रोज भेटतात. उर्दूत शरीराच्या पेशीला ‘खलिया’ म्हणतात. अरबीत त्याच शब्दाचा अर्थ मधमाश्यांचं घर असाही होतो. त्यामुळे माझ्या वर्गातल्या मुलांना मराठी धड्यात पहिल्यांदा ‘पेशी’ दिसली की डोळ्यांपुढे काळा कोट येतो.

गंमत अशी की शरीरात एक जागा आहे, जिथे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. अंगात शिरलेला जंतू ओळखायचं काम टी पेशीचं. पण ती जंतूकडे थेट बघत नाही. आपलीच दुसरी एखादी पेशी त्या जंतूचा बारीक तुकडा तिच्यापुढे पेश करते आणि मगच ओळख पटते. या तुकड्याला अँटिजेन म्हणतात, मराठी पुस्तकात प्रतिजन. हे सगळं मला कळलं ते घरात आलेल्या टीबीमुळे.

आम्ही तळेगाव दाभाडेत गावभागात राहतो. एकत्र कुटुंब आहे. सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, आम्ही, आणि दीर-जाऊ व त्यांची मुलं. दीर एमआयडीसीत कामाला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांचा खोकला जाईना. मावळात चार महिने भिंतींना ओल असते, तेव्हा खोकला कुणाला नसतो? काढे झाले, मेडिकलमधून बाटल्या आणून झाल्या. मग वजन उतरलं, संध्याकाळी अंग तापू लागलं, आणि थुंकी तपासली तेव्हा टीबी निघाला. सहा महिन्यांचं औषध सुरू झालं, सरकारी योजनेतून मोफत. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं.

एक्स-रे झाले आणि हातावर माँटू टेस्ट झाली. कोपराच्या खाली, कातडीच्या थरातच, ०.१ मिलिलिटर औषध टोचतात. त्यात जिवंत जंतू नसतो, टीबीच्या जंतूपासून काढलेली प्रथिनं असतात. ४८ ते ७२ तासांनी पुन्हा जायचं आणि हात दाखवायचा. तिथे किती लाल झालंय ते बघत नाहीत. किती टणक झालंय ते बोटाने चाचपून पट्टीने मोजतात. आपल्याकडे साधारणपणे १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आलं तर टेस्ट पॉझिटिव्ह धरतात.

माझा हात ११ मिलिमीटर आला. अम्मींच्या हातावर काहीच उठलं नाही. दिरांच्या मुलीचा, माझ्या पुतणीचा, १६ आला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आम्हा सगळ्यांचे एक्स-रे साफ होते, कुणाला खोकला-ताप नव्हता. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, हा हात एवढंच सांगतो की शरीराला हा जंतू ओळखीचा आहे. आजार नाहीये. पण तो पुढे होऊ नये म्हणून औषध देऊ.”

दवाखान्यातून घरी येईपर्यंत या वाक्याचा पहिलाच भाग उरला आणि पुढच्या जुम्म्यापर्यंत तोही बदलला. मोहल्ल्यात झालं, ‘लडकी को भी लग गया.’ तिच्या रिश्त्याची एका ठिकाणी बोलणी चालू होती. तिकडचे फोन उचलले जाईनात. माझ्या ११ मिलिमीटरबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. माझं लग्न होऊन वीस वर्षं झालीत.

एका रात्री पुतणी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “बडी अम्मी, डॉक्टर बोले जिस्म ने पहचाना. तो पहचानना अच्छी बात है कि बुरी?”

उत्तर देण्यापुरतं मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठलं. मधल्या सुट्टीत त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चित्रं काढून समजावलं, आणि मग मी वाचत गेले. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगते.

टीबीचा जंतू हवेतून फुप्फुसात जातो. तिथे त्याला एक भक्षक पेशी गिळते. बहुतेक जंतू असे गिळले की संपतात. टीबीच्या जंतूचं कसब असं की तो गिळणाऱ्या पेशीच्या पोटातच राहू शकतो. आता बाहेरून जाणाऱ्या टी पेशीला आत कोण बसलंय ते कसं कळणार? भिंतीपलीकडचं तिला दिसत नाही.

यावर शरीराने काढलेला मार्ग मला फार आवडला. आपल्या जवळपास सगळ्याच पेशी आत काय चाललंय त्याचे नमुने सतत बाहेर मांडून ठेवतात. आतल्या प्रथिनांचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा पृष्ठभागावर ठेवायचा. प्रथिन हे पुस्तक मानलं तर हा तुकडा म्हणजे त्यातले जेमतेम दोन-चार शब्द. काही तुकडे आठ-दहा अमायनो आम्लांचे असतात. टीबीमध्ये महत्त्वाचे ठरणारे थोडे लांब असतात, साधारण तेरा ते पंचवीसचे. ते ज्या रेणूवर ठेवले जातात त्याला माणसात एचएलए म्हणतात. १९८७ साली पामेला ब्योर्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रेणूचा आकार दाखवला. दोन बाजू वर आलेल्या, मध्ये खाच, आणि त्या खाचेत तुकडा. मला ते चित्र बघून रेहल आठवली. आपण जिच्यावर किताब उघडून ठेवतो, तसाच आकार.

यातली खरी गोम १९७४ साली कळली. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल उंदरांवर काम करत होते. एका जातीच्या उंदरांना त्यांनी विषाणूची लागण केली. त्या उंदरांच्या टी पेशींनी आपल्या जातीच्या लागण झालेल्या पेशी बरोबर ओळखून मारल्या. मग त्याच टी पेशींसमोर त्याच विषाणूने पछाडलेल्या, पण दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी ठेवल्या. टी पेशींनी त्यांना हातही लावला नाही. विषाणू तोच होता, फक्त रेहल परकी होती. याचा अर्थ टी पेशी नुसतं परकं ओळखत नाही. आपल्याच पेशीने आपल्याच रेहलवर ठेवलेलं परकं ती ओळखते. या शोधाला १९९६ चं नोबेल मिळालं.

माणसामाणसात ही रेहल वेगवेगळी असते. सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. अवयव बसवताना एचएलए जुळवतात ते यामुळेच. एकाच जंतूचे कोणते तुकडे मांडले जातील हेही त्यावर ठरतं. एकच धडा आहे, पण प्रत्येक घरात त्यातल्या वेगळ्या ओळी मोठ्याने वाचल्या जातात.

टी पेशीकडे वाचण्याची ही कला कुठून येते, हे शिक्षक म्हणून मला सगळ्यात जवळचं वाटलं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशीतला ‘टी’ तिचाच. लहानपणी ती मोठी असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते. तिथे प्रत्येक कोवळी पेशी जनुकांचे तुकडे जसे हाताला येतील तसे जोडून आपली वाचायची चावी बनवते. मूल अक्षरं कशीही जोडून शब्द करतं, तसंच. अर्थ आधी ठाऊक नसतो. म्हणून जगात अजून जन्मालाही न आलेल्या जंतूला ओळखणारी एखादी टी पेशी आपल्यात आधीपासून असू शकते. मग परीक्षा होते. जिला आपल्या घरची रेहल अजिबातच वाचता येत नाही, ती नापास. जी रेहलवरचा आपल्याच शरीराचा तुकडा बघून जोरात भडकते, तीही सहसा बाद. शंभरातल्या पाचसुद्धा पार होत नाहीत. असा निकाल कुठल्या शाळेने लावला तर पालक कुलूप ठोकतील. तरीही भडकणाऱ्या काही सुटतातच. त्यांना आवरायला शांत करणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात. मेरी ब्रुंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं.

पास झालेल्या टी पेशीलाही उतावळेपणा करता येत नाही. समोर योग्य तुकडा आला तरी तेवढ्यावर ती पेटत नाही. तुकडा दाखवणाऱ्या पेशीने आणखी एक खूण द्यावी लागते, की इथे खरंच काही बिघडलंय. ही खूण ती पेशी धोक्याची चाहूल लागल्यावरच बाहेर काढते. निकाहात इजाब-कबूल झालं तरी दोन गवाह लागतात, तसं समजा. दुसरी साक्ष मिळाली नाही तर टी पेशी कामाला लागण्याऐवजी सुन्न होऊन बसते. एका पुराव्यावर कुणाला संपवायचं नाही, हा नियम शरीराने स्वतःवर घालून घेतलाय.

टीबीत ही पेशी जवळच्या गाठीत होते. गाठ म्हणजे मानेत, काखेत, छातीत असतात त्या लसिका ग्रंथी. फुप्फुसातली एक पेशी जंतूचा माल घेऊन तिथपर्यंत जाते. तिथून टी पेशींची सतत ये-जा असते. ज्या टी पेशीची चावी बसते ती थांबते, आपल्यासारख्या हजारो पेशी तयार करते आणि काही पेशी आठवण म्हणून मागे ठेवते. टीबीचा जंतू हे सगळं लांबवतो. म्हणून लागण झाल्यापासून माँटू टेस्ट पॉझिटिव्ह यायला दोन ते आठ आठवडे जातात. पुढे कधीही हातावर तीच प्रथिनं टोचली की आठवण असलेल्या टी पेशी तिथे जमतात आणि इतरांनाही हाका मारतात. ही सगळी मजलिस भरायला दोन दिवस लागतात. म्हणूनच दोन दिवसांनी हात मोजतात.

पुतणीच्या हातावरच्या त्या १६ मिलिमीटरमध्ये जंतू नव्हता. ती तिच्याच पेशींची गर्दी होती. मी तिला तसंच सांगितलं, “ये बिमारी नहीं, तेरी याददाश्त है.”

पण याददाश्त सगळं सांगत नाही. लागण जुनी की नवी, जंतू झोपलाय की जागा, हे हातावरून कळत नाही. त्याला एक्स-रे, थुंकी आणि डॉक्टरांची नजर लागते. शून्य आलं म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. अम्मींचा हात कोरा आला तेव्हा घरात सगळे खूश होते, एकटे डॉक्टर नव्हते. वय झालं, खाणं तुटलं की टी पेशी मंदावतात आणि लागण असूनही हात कोरा राहू शकतो. अम्मी दोन वेळा धड जेवत नव्हत्या. म्हणून त्यांचा एक्स-रे डॉक्टरांनी आमच्यापेक्षा जास्त वेळ पाहिला आणि काही महिन्यांनी पुन्हा काढायला लावला. एचआयव्हीमध्ये हेच आणखी भयंकर होतं. तो विषाणू मदतनीस टी पेशींनाच मारतो, त्यामुळे अशा माणसाला टीबीचा धोका कितीतरी पटीने वाढतो. आमच्याकडून पुण्याला जाताना वाटेजवळच भोसरी लागते. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने सुरू झालेली संस्था तिथे आहे. वर्षानुवर्षं आम्ही त्या भागातून गेलो, आत कोणत्या पेशी मोजल्या जातात ते आता समजलं.

आणखी एक घोळ बीसीजीचा. आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर त्या लसीचा वण असतो. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच संशोधकांनी १९०८ पासून तेरा वर्षं गायीच्या टीबीचा जंतू पुन्हा पुन्हा वाढवून, २३० वेळा, नरम केला आणि १९२१ मध्ये तो लस म्हणून पहिल्यांदा दिला गेला. माँटूच्या औषधात अनेक प्रथिनांची सरमिसळ असते. त्यातली बरीच बीसीजीतही असतात. त्यामुळे कधीकधी लसीने शिकवलेल्या टी पेशीही हात फुगवतात. पण नरम होताना त्या जंतूच्या जनुकांचा एक भाग गळून गेला होता. त्या गळालेल्या भागातली दोनच प्रथिनं घेऊन आता नवी टेस्ट निघालीय. ती आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलीय, नाव साय-टीबी. अशा टेस्टची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. बीसीजी घेतलेला हात तिला फसवत नाही. सगळ्यांमध्ये सापडणाऱ्या खुणेवरून ओळखायला गेलं की चूक होते. नेमका वेगळेपणा ज्यात आहे तो तुकडा शोधावा लागतो.

हे वाचताना मला एक फोन आठवला. काही वर्षांपूर्वी मुलाच्या कॉलेजसाठी पुण्यात खोली शोधत होतो. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, मग समोरच्याने नाव विचारलं. नाव सांगितलं आणि खोली ‘आत्ताच गेली’. हा अनुभव आपल्यातल्या बहुतेकांना असेल. त्याच्यावर आपण भरभरून बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण पुतणीच्या बाबतीत आपल्याच मोहल्ल्याने काय केलं? एक तुकडा हाती आला, ‘हात फुगला’. दुसरी साक्ष कुणी मागितली नाही. एक्स-रे कसा आला, खोकला आहे का, डॉक्टर काय म्हणाले, काही नाही. थेट निकाल. कोर्टात नुसती पेशी झाली म्हणून कुणी मुजरीम ठरत नाही, हे ज्यांना चांगलं ठाऊक आहे अशा लोकांनी हे केलं.

शरीराची उपमा समाजाला लावताना मी जपून असते. ‘आपला’ आणि ‘परका’ हे शब्द पेशींबद्दल बोलताना सोपे वाटतात, माणसांवर चिकटवले की विषारी होतात. पुस्तकात टी पेशींना सैनिक म्हणतात, जंतूला शत्रू. आमचं तळेगाव तर सेनापती दाभाड्यांचं. १७३१ मध्ये डभोईला त्रिंबकराव दाभाडे पेशव्यांविरुद्ध लढताना पडले, त्यामुळे लढाईच्या उपमांची आम्हाला कमी नाही. पण टीबीत बहुतेक वेळा लढाई होतच नाही. टी पेशी आणि भक्षक पेशी जंतूभोवती कडं करतात आणि वर्षानुवर्षं पहारा देतात. जगातल्या जवळपास चौथा हिस्सा माणसांना ही लागण झालेली आहे आणि त्यातल्या शंभरातल्या पाच-दहांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. उलट आजार झाल्यावर फुप्फुसाला जी भोकं पडतात त्यात आपल्याच पेशींच्या अतिजोशाचा मोठा हात असतो. ओळख बरोबर असूनही माणूस नुकसान करू शकतो, तसंच.

पुतणीने औषध घेतलं. आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. तिने जुम्म्याचा दिवस ठरवला, म्हणजे विसरायला नको. पहिल्या डोसनंतर लघवी नारिंगी झाली तेव्हा ती घाबरली, पण डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. बारा जुम्मे झाले. दीर बरे होऊन कामावर गेले. तो रिश्ता परत आला नाही आणि तिने त्याबद्दल विचारलंही नाही. आता ती बी.कॉम. होऊन एका ऑफिसात हिशेब बघते.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी आज असं देईन. ओळखणं चांगलंही नाही आणि वाईटही नाही. ती चौकशीची सुरुवात आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर काढ्यावर वेळ न घालवता थुंकी तपासून घ्या. घरात कुणाला टीबी निघाला तर सगळ्यांनी तपासून घ्या, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी न्या. हात फुगला तर आकडा लिहून ठेवा, एक्स-रे काढा आणि डॉक्टर सांगतील ते औषध एकही डोस न चुकवता पूर्ण करा. आणि शेजारीण दबक्या आवाजात विचारायला आली, तर तिला आत बोलवा, चहा ठेवा आणि रेहलपासून सुरुवात करून सगळं सांगा. चहा उकळेपर्यंत अर्धं सांगून होतं.